सासूबाईंना डोळ्यांसाठी बोटॉक्स सांगितलंय. कोल्हापुरात कुणी घेतलंय का?

निशिगंधा_कोप

नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचत असते, आज धागा काढायची वेळ आली.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, वय ६४. वर्षभरापासून त्यांचे दोन्ही डोळे आपोआप गच्च मिटतात. आधी नुसती पापणी लवायची. बाईचा डावा डोळा लवतोय म्हणजे शुभ, असं घरात ठरलं. मग दोन्ही लवायला लागले तेव्हा शकुन बाजूला ठेवून डॉक्टर गाठला. एकांनी डोळे कोरडे पडलेत म्हणून ड्रॉप दिले. चष्मा बदलून झाला. दुसऱ्यांनी 'टेन्शन घेऊ नका' म्हणून गोळ्या लिहून दिल्या, त्यानं त्या दिवसभर पेंगायला लागल्या, डोळे मिटायचे ते मिटतातच.

आता उन्हात डोळे उघडतच नाहीत. महाद्वार रोडवर माझा दंड धरून चालतात. मधेच थांबतात, दोन बोटांनी पापणी वर ओढतात, समोरचं बघून घेतात आणि पुढची चार पावलं टाकतात. पण देवळात आरती म्हणायला लागल्या की डोळे टक्क उघडे! त्यामुळं नणंदेचं मत, 'आईचं नाटक चाललंय.'

शेवटी न्यूरोलॉजिस्टनी ब्लेफरोस्पाझम असं नाव सांगितलं आणि बोटॉक्स घ्या म्हणाले. झालं. मामा (सासरे) म्हणाले, "या वयात तिला काय हिरॉइन करायची हाय?" नणंदेनं यूट्यूबवर बघितलंय की ते जगातलं सगळ्यात जहाल विष आहे. आणि हे सगळं सुनेच्या डोक्यातून निघालंय, असा एकूण सूर.

कुणी डोळ्यांसाठी किंवा दुसऱ्या आजारासाठी घेतलंय का? कितपत सुरक्षित? पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं म्हणे, खरं का? कृपया डॉक्टरांची नावं इथं लिहू नका, व्यनि (खाजगी निरोप) करा.

रस्सामंडळ

आधी आत्यांचा फोटो काढून ठेवा. नंतर आधार कार्डावरचा चेहरा जुळायचा नाही. (हलके घ्या, वैनी.)

उत्तरेश्वरचा_गडी

माझ्या मावसबहिणीनं लग्नाआधी ओठात घेतलं होतं. वरचा ओठ मधमाशी चावल्यागत सुजला. मी तर म्हणेन नादाला लागू नका.

ओपीडी_नंतर

@उत्तरेश्वरचा_गडी, ओठ फुगवायला देतात ते फिलर. बहुतेक वेळा हायलुरॉनिक ॲसिडचं जेल असतं. ते जागा भरतं. बोटॉक्स काहीच भरत नाही, स्नायू सैल करतं. दोन्ही सुईनंच देतात आणि बऱ्याचदा एकाच दवाखान्यात मिळतात, म्हणून गल्लत होते. त्यांचे धोकेही वेगळे. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. बोटॉक्सचा त्रास झाला तर तो बहुतेक नको त्या स्नायूपर्यंत पोचल्याचा असतो.

निशिगंधाताई, मी त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो, सांगलीला. त्यामुळं तुमच्या सासूबाईंबद्दल शेवटचा शब्द तुमच्या न्यूरोलॉजिस्टचाच. पण आरतीची गोष्ट नणंदबाईंना नीट सांगा. या आजारात गाणं म्हणताना, बोलताना, शीळ घालताना किंवा कानशिलाला बोट लावल्यावर डोळे काही वेळ उघडे राहणं, हे अनेक रुग्णांत दिसतं. पापण्या मिटण्याचा हुकूम मेंदूच्या खोल भागातून चुकीचा सुटतो, आणि असलं काही केलं की तो क्षणभर अडतो. डोळ्यांत दोष नसतो, म्हणून डोळ्यांच्या तपासणीत काही सापडत नाही आणि पेशंटच्या माथी नाटकाचा शिक्का बसतो. साधारण पन्नाशी-साठीनंतर, त्यातही बायकांत जास्त. ऊन, वारा, टीव्हीचा उजेड यांनी वाढतं. दृष्टी शाबूत असूनही माणूस आंधळ्यागत चाचपडतो.

आता मामांचा प्रश्न. हे औषध मुळात डोळ्यांसाठीच आलं. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट तिरळेपणावर शस्त्रक्रियेला पर्याय शोधत होते. आधी माकडांवर प्रयोग, मग १९७० च्या दशकाच्या अखेरीस माणसांवर. १९८९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मंजुरी दिली ती तिरळेपणा आणि ब्लेफरोस्पाझम या दोनच गोष्टींना. भुवयांमधल्या आठ्यांसाठीची मंजुरी आली २००२ मध्ये. म्हणजे हिरॉइनांचा नंबर तेरा वर्षांनी लागला.

विज्ञानवेडा

डॉक्टरांच्या प्रतिसादाला पुरवणी. सुरकुत्यांचा उपयोग सापडला तोही याच आजाराच्या पेशंटमुळं. कॅनडात व्हँकुव्हरला जीन कॅरुथर्स या नेत्रतज्ज्ञ ब्लेफरोस्पाझमसाठी इंजेक्शनं देत होत्या. एका पेशंट बाईंनी तक्रार केली की कपाळावर का टोचत नाही, तिथं टोचलं की चेहरा किती शांत दिसतो! कॅरुथर्सबाईंचे यजमान ॲलिस्टेअर त्वचारोगतज्ज्ञ. घरी विषय निघाला, आणि १९९२ मध्ये दोघांनी मिळून सुरकुत्यांवरचा निबंध छापला.

विषाबद्दल म्हणाल तर नणंदबाई शंभर टक्के बरोबर आहेत. क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जीवाणू हे बनवतो, आणि माहीत असलेल्या विषांत हे सर्वांत जहालांपैकी. १८२० च्या सुमारास जर्मनीत युस्टिनुस केर्नर या डॉक्टरनं खराब सॉसेज खाऊन मेलेल्यांच्या नोंदी गोळा केल्या. गडी कवीही होता. त्यानं तेव्हाच लिहून ठेवलं की हेच विष अगदी थोडं वापरलं तर औषध होऊ शकेल. जीवाणू सापडला नंतर, १८९५ मध्ये. बेल्जियमच्या एका खेड्यात मयताला आलेल्या वाजंत्र्यांनी हॅम खाल्लं आणि आजारी पडले, त्याचा तपास करताना व्हॅन एर्मेंगेम यांना.

निशिगंधा_कोप

मयताचं जेवण आणि वाजंत्री हे मी घरात सांगणार नाहीये. 😄 बाकी सगळं वाचून दाखवलं. मामा 'हं' म्हणाले. हे विष मग डोळ्याजवळ टोचून माणसाला काहीच कसं होत नाही, असा त्यांचा पुढचा प्रश्न.

ओपीडी_नंतर

मात्रेमुळं. बोटॉक्सच्या शंभर युनिटच्या (युनिट म्हणजे औषधाची ताकद मोजायचं माप) कुपीत ते विष काही नॅनोग्रॅम असतं. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. कुपी उघडून बघितली तर रिकामीच वाटते, तळाला पुसट पापुद्रा दिसला तर दिसला. त्यात सलाइन घालून ते पातळ करतात आणि अगदी बारीक सुईनं थेंब थेंब देतात. ब्लेफरोस्पाझममध्ये एका ठिकाणी सुरुवातीला सव्वा ते अडीच युनिट, अशी डोळ्याभोवती काही ठिकाणं.

काम कसं करतं? स्नायूनं आखडावं म्हणून मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं. बोट्युलिनमचं विष आत शिरून ते रसायन सोडणाऱ्या यंत्रणेतलं एक प्रथिन कापतं. घरचं मीटर चालू, वायर शाबूत, फक्त मधला फ्यूज काढून ठेवलाय, असं समजा. तंतू मरत नाही. तीन-चार महिन्यांत जोडणी पुन्हा जमते आणि स्नायू पूर्ववत आखडायला लागतो. म्हणून पुन्हा घ्यावं लागतं. असर टोचल्या टोचल्या दिसत नाही, तीन-चार दिवसांनी सुरू होतो, पुरता यायला दोन आठवडे.

त्रास होऊ शकतो तो असा: टोचल्या जागी काळंनिळं, डोळे कोरडे होणं, पापणी खाली ओघळणं, कधी एकाची दोन दिसणं. पापणी उचलणारा स्नायू वरच्या पापणीच्या मधोमध आहे, म्हणून जाणता हात तिथं टोचत नाही, कडांना टोचतो. मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायूंचा आजार असेल, जेंटामायसिन-अमिकासिनच्या जातीची अँटिबायोटिक्स चालू असतील, किंवा बाई गरोदर असेल तर आधी सांगायचं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगायच्या, पण स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास वाटला तर थेट हॉस्पिटल. डोळ्याच्या एवढ्याशा मात्रेत असं फारच क्वचित, पण माहीत असलेलं बरं.

डोकेदुखी_क्लब

मी घेते. अर्धशिशीसाठी. पुण्याला जाऊन घ्यायचे, आता इथंच मिळतं.

माझं महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस डोकं दुखायचं. हे इंजेक्शन साध्या अर्धशिशीला देत नाहीत. महिन्यात १५ किंवा त्याहून जास्त दिवस दुखत असेल, त्यातले निदान ८ दिवस खऱ्या अर्धशिशीचे, तरच. कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान, खांदे मिळून ३१ ठिकाणी टोचतात, एकूण १५५ युनिट, दर १२ आठवड्यांनी. ऐकायला भयंकर, पण दहा-पंधरा मिनिटांचं काम. कपाळावरचं डासागत, मानेवरचं मात्र झोंबतं. पहिल्या वेळी मला काहीच फरक वाटला नाही आणि नवऱ्यानं पैशाचा हिशेब काढला. दुसऱ्या फेरीनंतर गोळ्या कमी झाल्या. डोकेदुखी गेली म्हणणार नाही. पण मुलाच्या शाळेच्या गॅदरिंगला शेवटपर्यंत बसता येतं, मला तेवढं पुरे.

आता गंमत. कपाळावर आपोआप सुरकुत्या नाहीत, त्यामुळं ऑफिसातल्या बायकांना वाटतं मी लपूनछपून तेच करते. आधी खुलासा करायचे. आता नुसती हसते, तेही खालच्या अर्ध्या चेहऱ्यानं.

निशिगंधा, विम्याचं आधी बघ. 'बोटॉक्स' शब्द दिसला की सौंदर्योपचार म्हणून फेटाळतात. माझा पहिला अर्ज तसाच परत आला होता. निदान, आजार किती दिवसांचा, आधी कुठली औषधं देऊन बघितली, हे सगळं लिहिलेलं न्यूरोलॉजिस्टचं पत्र जोडलं तेव्हा पुढं सरकलं. दाखल न होता घेतलेल्या उपचाराला पॉलिसी पैसे देते का, ते मात्र प्रत्येकाचं वेगळं.

रस्सामंडळ

३१ ठिकाणी?? आमच्याकडं एक धनुर्वाताचं म्हटलं तरी मी गंगावेशीपर्यंत पळतो.

फिजिओ_मैत्रीण

हा धागा निघाला ते बरं झालं, कारण माझ्या पेशंटच्या घरी हीच भांडणं.

पॅरालिसिस झालेल्या माणसाचा हात काही महिन्यांनी कोपरात दुमडतो, मूठ घट्ट मिटते. अंगठा आत, नखं तळव्यात रुततात. हात धुवायला मूठ उघडत नाही, आत घाम साचून कातडी पांढरी पडते, वास येतो. त्या घरातल्या बाईला विचारा रोज सकाळी ती मूठ उघडताना काय होतं! मनगट-बोटं वाकवणाऱ्या स्नायूंत बोटॉक्स दिलं की मूठ सैल होते. कित्येकदा हात 'चालायला' लागत नाही, हे आधीच सांगते. पण धुता येतो, सदऱ्याच्या बाहीत घालता येतो, स्प्लिंट (हात सरळ धरणारा आधार) बसतं. सेरेब्रल पाल्सीच्या (लहानपणीच मेंदूला इजा होऊन स्नायू आखडतात त्या) मुलांत पोटरीत देतात. टाच टेकत नाही, पोर चवड्यांवर चालतं, त्यासाठी.

माझं भांडण पुढं आहे. इंजेक्शन देऊन लोक घरी जातात आणि तीन महिन्यांनी येऊन म्हणतात 'गुण आला न्हाई.' स्नायू सैल असतो तेवढ्याच दिवसांत ताण द्यायचा, व्यायाम करायचा, स्प्लिंट लावायचं. ते न करता इंजेक्शन घेणं म्हणजे हजारो रुपये पंचगंगेत सोडणं. आणि स्नायू कायमचा आखूड होऊन सांधाच बसला असेल तर बोटॉक्सचा उपयोग नाही, तिथं वेगळा विचार करावा लागतो. म्हणून दोन-दोन वर्षं मालिश करत थांबू नका.

हुपरीकर

आमचा चांदीचा धंदा. पैंजणाची जोडणी करतो. मला तळहाताला घाम लई येतो. येतो म्हंजे थेंब पडतात. साखळीची बारकी कडी चिमट्यात धरली की निसटते, पॉलिश केलेल्या मालावर डाग पडतो, गिऱ्हाइकाच्या हातात हात द्यायला लाज वाटते. एकानं सांगितलं बोटॉक्सनं घाम बंद होतो. खरं काय डॉक्टर?

ओपीडी_नंतर

खरं आहे. घामाच्या ग्रंथींनाही तेच ॲसिटिलकोलीन लागतं. काखेतल्या अति घामासाठी अमेरिकेत २००४ पासून मंजूर आहे, एका काखेला ५० युनिट, आणि तिथं परिणाम चांगला मिळतो. तळहातालाही देतात, पण तुमच्या धंद्याला तिथंच अडचण. एक, तळहातावर टोचणं फार दुखतं, बर्फ किंवा मनगटाशी भूल द्यावी लागते. दुसरं महत्त्वाचं, औषध जरा खोल गेलं तर अंगठ्याच्या बुडाचे छोटे स्नायू ढिले पडतात. चिमटीतली ताकद काही आठवडे कमी होते. बँकेतल्या माणसाला कळणारही नाही. तुम्हाला कडी धरताना पहिल्याच दिवशी कळेल.

आधी ॲल्युमिनियम क्लोराइडचं लोशन रात्री लावून बघा. मग आयन्टोफोरेसिस, पाण्याच्या ट्रेमध्ये हात ठेवून सौम्य वीजप्रवाह देतात, आठवड्यातून काही वेळा. कंटाळवाणं आहे पण चिमटी शाबूत राहते. पेसमेकर असेल तर ते करायचं नाही. आणि अंगभर घाम, वजन उतरणं, छातीत धडधड असं काही असेल तर थायरॉइड तपासून घ्या.

हुपरीकर

न्हाई, हातापायालाच. ट्रेचं बघतो आधी. उपकार झाले.

शाहूपुरी_सखी

मी चेहऱ्यासाठी घेतलंय आणि सांगायला लाजत नाही. दोन भुवयांमधल्या उभ्या आठ्यांमुळं वर्गातली पोरं विचारायची, "मॅडम, चिडलाय काय?" चिडलेली नसायचे. पाच ठिकाणी मिळून २० युनिट. पार्टीला जायचं म्हणून आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही, दोन आठवडे आधी. त्या दिवशी डोक्याला चंपी नाही, चेहरा चोळायचा नाही, काही तास आडवं व्हायचं नाही.

मला चिड येते ती दुसऱ्या टोकाची. लग्नसराईत फोनवर मेसेज येतात, 'ब्रायडल पॅकेज, फेशियल आणि बोटॉक्स, एकावर एक.' एका पार्लरमध्ये मी मुद्दाम विचारलं, देणार कोण? 'आमची ट्रेन्ड मुलगी.' कुठल्या कंपनीचं? 'इंपोर्टेड.' किती युनिट? 'एक सिरिंज.' मी पर्स उचलली.

ओपीडी_नंतर

पर्स उचललीत ते झ्याक केलंत. 'एक सिरिंज' हे उत्तरच नव्हे. सिरिंज तर सलाइननंच भरलेली असते, औषध किती ते युनिटवरूनच कळतं. देणाऱ्या डॉक्टरचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं तपासता येतो, तो विचारा. औषध दोन ते आठ अंशांत फ्रिजमध्ये ठेवायचं असतं, कुपी समोर उघडायला सांगा, ब्रँड, बॅच नंबर आणि मुदत केसपेपरवर लिहून घ्या. चांगला डॉक्टर याचा राग मानत नाही. आणि एका कंपनीचं युनिट म्हणजे दुसऱ्या कंपनीचं युनिट नव्हे, डिस्पोर्ट या दुसऱ्या ब्रँडचा आकडा बोटॉक्सपेक्षा मोठा असतो. त्यामुळं 'तिकडं जास्त युनिट देतात' अशी तुलना करू नका.

विज्ञानवेडा

स्वस्तातल्याचं टोक: २००४ मध्ये फ्लोरिडात प्रयोगशाळेतल्या संशोधनासाठीचं, माणसाला द्यायचं नाही असं कच्चं विष कुणीतरी बोटॉक्स म्हणून टोचलं. चार जण लुळे पडून व्हेंटिलेटरवर गेले. त्यात टोचणारा डॉक्टर स्वतःही होता.

रस्सामंडळ

स्वतःला पण टोचलं? नाद खुळा.

आज्जीचा_बटवा

अवांतर होतंय पण सांगतो. आमच्यात बाळाला बारशाआधी मध चाटवतात. माझ्या नातवाच्या वेळी मीच चांगला जंगलातला मध आणायला आजऱ्याला गेलो होतो. पण बालरोगतज्ज्ञांनी बाटली बघून हात जोडले, म्हणाले वर्ष होईपर्यंत एक थेंब नाही. त्या मधात याच जंतूचे बीज असू शकतात म्हणे. हे खरं का?

ओपीडी_नंतर

खरं आहे. मोठ्यांच्या आतड्यात ते बीज रुजत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजू शकतात आणि तिथंच विष तयार करतात. आधी बद्धकोष्ठ, मग रडणं बारीक होतं, दूध ओढत नाही, मान टाकतं. मध शुद्ध आहे की भेसळीचा याचा संबंध नाही आणि उकळूनही ते बीज मरत नाहीत. पहिले सहा महिने बाळाला आईचं दूध पुरतं.

निशिगंधा_कोप

आठवडाभरानं येतेय, माफ करा. आत्यांना दिलं! नणंद सोबत आली होती, डॉक्टरांनी तिच्यादेखत आत्यांना गुणगुणायला लावलं आणि डोळे उघडल्यावर कारण समजावून सांगितलं. ती काही बोलली नाही, पण येताना रिक्षाचे पैसे तिनं दिले.

टोचायला पाच मिनिटं. उजव्या डोळ्याखाली काळं पडलंय. पहिले तीन दिवस काहीच फरक नाही, घरात 'गेले पैसे' सुरू. पाचव्या दिवशी सकाळी मला हाक मारली, दारातली तुळस उन्हात बघत उभ्या होत्या. मात्र उजवी पापणी किंचित ओघळलीय आणि रात्री डोळा पूर्ण मिटत नाही असं वाटतंय. तसंच, असर कमी व्हायला लागला की लगेच परत घेतलं तर चालेल का? मामा म्हणतात, ज्योतिबाच्या यात्रेआधी एक मारून घेऊ.

ओपीडी_नंतर

छान झालं. पापणीचं आजच फोन करून कळवा. बहुतेक काही आठवड्यांत आपोआप वर येते, तोवर एखादा ड्रॉप देतील. रात्री डोळा उघडा राहत असेल तर बुबुळ कोरडं पडून जखम होते, म्हणून कृत्रिम अश्रूंचे थेंब, झोपताना डोळ्याचं मलम, गरज वाटली तर पापणीला टेप. लाली, ठणका किंवा अंधुक दिसणं सुरू झालं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.

यात्रेसाठी मधेच नको. साधारण १२ आठवड्यांचं अंतर ठेवतात. वरचेवर आणि जास्त मात्रा घेत गेलं तर शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं, मग औषध लागूच पडेनासं होतं, आणि आत्यांना ते पुढची कित्येक वर्षं लागणार आहे. त्यापेक्षा वहीत लिहून ठेवा: तारीख, ब्रँड, कुठं किती युनिट, असर कितव्या दिवशी आला, कधी ओसरायला लागला, पापणी कधी ओघळली. पुढच्या वेळी डॉक्टर त्यावरूनच उजव्या बाजूची जागा किंवा मात्रा बदलतील. यात्रेला गॉगल आणि रुंद कडेची टोपी.

निशिगंधा_कोप

वही आज घातली. टोपीला तयार नाहीत, गॉगल चालेल म्हणाल्या.